शिक्षकांच्या विद्यासाधनांचे नकाशे

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताची राजधानी रेजायना. तेथील विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे अध्यापन करणारे अलेक कूरोस यांनी २००६ साली पूर्ण केलेल्या आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने दोन लहानशी चित्रे काढली, आणि शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणालाही या दोन चित्रांना वगळून पुढे जाता येणार नाही, असे माझे मत आहे. पहिल्या चित्रात मध्यभागी शिक्षक आहे आणि त्याच्या भोवती अभ्यासक्रमाची सरकारी कागदपत्रे, शाळेतील सहकारी, लोकमाध्यमे, ग्रंथादी साहित्य, कुटुंब आणि गाव अशी मोजकीच ज्ञानस्थाने मांडलेली आहेत. दुसऱ्या चित्रात शिक्षक तोच, जुनी स्थानेही कायम. परंतु त्यांच्या जोडीला अनुदिन्या, विकी, सामायिक वाचनखुणा, छायाचित्रांचे सार्वजनिक संग्रह, दूरस्थ संभाषणाची साधने असा नवा परिवार जमलेला आहे, आणि शिक्षक व ही स्थाने यांना सांधणाऱ्या बाणांना दोन्ही बाजूंनी टोके आहेत. या दुहेरी बाणांतच साऱ्या चित्राचे मर्म आहे. शिक्षक जेथून घेतो तेथे तो काही देतोही, त्याच्या टिपणावरून दूरच्या गावातील दुसरा कोणी शिक्षक शिकतो, आणि अशा रीतीने ज्याला आजवर विद्येचा अंतिम वितरक समजले गेले तोच विद्येचा विद्यार्थी आणि निर्माता म्हणून उभा राहतो, हे कूरोस यांना दाखवावयाचे होते. आणि ते त्यांनी प्रबंधाच्या शेकडो पानांपेक्षा या दोन आकृत्यांतून अधिक परिणामकारक रीतीने दाखविले.

ज्ञानाचे चित्र काढण्याची हौस युरोपात जुनी आहे. तिसऱ्या शतकातील तत्त्ववेत्ता पॉर्फिरी याच्या विवेचनावरून मध्ययुगीन लेखकांनी पदार्थांच्या वर्गीकरणाचे वृक्ष रेखाटले. सोळाव्या शतकात पॅरिसच्या पीटर रेमसने प्रत्येक शास्त्राची कंसांनी दुभंगत जाणाऱ्या तक्त्यात मांडणी करण्याची पद्धत रूढ केली. आणि १७५१ साली दिदरो व दालांबेर यांनी आपल्या विश्वकोशाच्या पहिल्या खंडाबरोबर स्मृती, बुद्धी आणि कल्पना या तीन शाखांत विभागलेला मानवी ज्ञानाचा एक भव्य पट छापला. हे सारे प्रयत्न थोर खरे. तथापि त्यांत चितारलेले ज्ञान सर्वांचे होते आणि म्हणून विशिष्ट अशा कोणाचेच नव्हते. अमुक एका माणसाच्या मनात हे ज्ञान कसे वसले आहे, हा प्रश्न त्या पटांना कधी पडला नाही.

तो प्रश्न अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पडला. जोसेफ नोव्हॅक आणि त्यांचे सहकारी यांनी शाळकरी मुलांच्या विज्ञानविषयक कल्पना कशा बदलत जातात हे पाहण्यासाठी तीच मुले बारा वर्षे अभ्यासिली, आणि त्यांच्या मुलाखतींच्या लेखी प्रतींचा ढीग एवढा वाढला की, त्यातून कोणत्या मुलाच्या समजुतीत नेमका काय फरक पडला हे वाचून कळेना. तेव्हा १९७२ च्या सुमारास त्यांनी एक युक्ती योजिली. मुलाच्या बोलण्यातून आलेली एकेक संकल्पना चौकटीत लिहावयाची आणि दोन चौकटींना जोडणाऱ्या रेषेवर त्या दोहोंतील संबंध सांगणारे शब्द घालावयाचे. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धान्त त्यामागे होता. नवे ज्ञान माणसाजवळच्या जुन्या ज्ञानाला बिलगूनच रुजते, असे त्यात प्रतिपादन केलेले होते. पुढे नोव्हॅक आणि बॉब गोविन यांचा या विषयावरील ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि संकल्पनाचित्रे जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोहोचली. मात्र एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. चित्र काढले जात होते ते विद्यार्थ्याच्या मनाचे. शिक्षक तपासनीस होता. त्याच्या स्वतःच्या शिकण्याकडे कोणाची दृष्टी वळण्यास आणखी वीसहून अधिक वर्षे जावी लागली.

त्या आधी, १९७१ साली, इव्हान इलिच यांनी शाळाविरहित समाजाविषयीच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात शिकण्याच्या जाळ्यांची कल्पना मांडली होती. वस्तूंपर्यंत पोहोचण्याची सोय, कौशल्यांची देवघेव, समानशील सोबत्यांचा शोध आणि जाणकारांची माहिती अशी चार जाळी त्यांनी सुचविली, आणि सोबत्यांच्या शोधासाठी संगणकाचा उपयोग करता येईल असेही त्यांनी लिहून ठेविले. ज्या काळी संगणक मोठमोठ्या संस्थांच्या बंदिस्त दालनांबाहेर दिसत नसे, त्या काळी हे लिहिण्याला विलक्षण दूरदृष्टी लागली असली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठांनी संगणक स्वीकारला तो मात्र कचेरीच्या शिस्तीने. व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जन्मलेली वेबसीटी, अमेरिकेतील ब्लॅकबोर्ड आणि २००२ पासून ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरातून प्रसृत झालेली मूडल या प्रणालींनी अध्यापनाचे दप्तर नीट लावून दिले, यात शंका नाही. अभ्यासक्रमाला एक खोली, खोलीला कुलूप, किल्ली नाव नोंदविलेल्यांच्याच हाती. सत्र संपले की बहुतेक ठिकाणी खोली बंद, आणि विद्यार्थ्याने तेथे लिहिलेला मजकूरही आतच. या व्यवस्थेविषयी असंतोष होता तो प्रशासकांपेक्षा शिकणाऱ्यांच्या बाजूने विचार करणाऱ्या तंत्रज्ञांत, आणि त्यांपैकीच इंग्लंडमधील बोल्टन येथे काम करणारे स्कॉट विल्सन यांनी जानेवारी २००५ मध्ये भावी व्यवस्थेची एक आकृती प्रसिद्ध केली. तिच्या केंद्रस्थानी विद्यापीठ नव्हते. तेथे शिकणाऱ्याची स्वतःची मांडणी होती, आणि विद्यापीठाची प्रणाली ही तिच्या भोवतालच्या अनेक सेवांपैकी एक म्हणून कडेला बसली होती. ज्या संस्थेने शतकानुशतके स्वतःला मध्यभागी आणि विद्यार्थ्याला परिघावर पाहिले होते, तिला एका साध्या रेखाचित्राने परिघावर नेऊन ठेवावे, हे त्या काळी धाडसाचेच म्हटले पाहिजे.

त्याच सुमारास कॅनडातच विनिपेग येथील जॉर्ज सीमेन्स यांनी असा विचार मांडला की, ज्ञान हे जोडण्यांच्या जाळ्यात वसते आणि शिकणे म्हणजे त्या जोडण्या उभारण्याची व त्यांतून संचार करण्याची क्षमता. स्टीफन डाउन्स यांच्यासह त्यांनी २००८ च्या शरदात मॅनिटोबा विद्यापीठातर्फे जो खुला वर्ग चालविला, त्यात शुल्क भरणारे विद्यार्थी होते सुमारे २५ आणि विनामूल्य सहभागी झालेले सुमारे २,२००. प्रत्येकाने आपापल्या जागी लिहावे आणि डाउन्स यांच्या यंत्रणेने ते रोज वेचून एका पत्रकात सर्वांकडे धाडावे, अशी तिथली रीत होती. अशा वर्गात वाट चुकू नये म्हणून स्वतःच्या साधनांचा नकाशा काढणे ही शिकणाऱ्याची निकड झाली, आणि हौसेचे गरजेत रूपांतर झाले.

याच वर्षाच्या आगेमागे ब्रिटिश कोलंबियातील स्कॉट लेस्ली यांनी अशा आकृत्यांचा एक संग्रह सुरू केला, आणि कोणीही आपली आकृती आणून लावावी असे खुले आवाहन केले. संग्रह पाहता पाहता वाढला. कोणी साधनांची बोधचिन्हे ओळीने मांडली, कोणी वाचणे, टिपणे, लिहिणे, बोलणे अशा क्रियांना चौकटी दिल्या आणि साधने त्यांखाली बसविली, तर कोणी यंत्रांना गौण स्थान देऊन माणसेच काढली. लेस्ली यांनी साधनप्रधान, क्रियाप्रधान आणि व्यक्तिप्रधान अशी वर्गवारी करून आणि न बसणाऱ्यांसाठी एक संकीर्ण गट ठेवून हा संग्रह लावला. मला त्यांतील क्रियाप्रधान आकृत्या सर्वांत मोलाच्या वाटतात. साधनांच्या नावांची यादी लवकर शिळी होते. परंतु एखादा शिक्षक वाचलेल्याचे टिपण केल्यावाचून पुढे जात नाही, किंवा टिपणे ढीगभर करतो आणि लिहीत मात्र काहीच नाही, हे ज्या चित्रावरून कळते ते त्या शिक्षकाचे खरे चित्र होय.

या आकृत्यांपैकी पुष्कळांच्या मध्याजवळ दोन साधने हमखास आढळत, आणि त्यांचे कार्य थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. पहिले वाचकयंत्र. शिक्षकाने पन्नास लेखकांची पृष्ठे एकदा नोंदवून ठेवावयाची, आणि त्यांतील कोणीही नवे काही लिहिले की ते आपोआप एका जागी येऊन पडावयाचे. गूगल रीडर हे या जातीतील सर्वांत प्रचलित साधन. दुसरे, जोशुआ शॅक्टर यांनी २००३ साली सुरू केलेले डिलिशस. त्यात वाचनखुणा ठेवताना प्रत्येक दुव्याला आपल्या मनाजोगी विषयनामे द्यावयाची असत आणि त्या खुणा इतरांनाही दिसत. भूमितीच्या अध्यापनावरचा एक लेख शिक्षकाने साठविला, तर तोच लेख आणखी कोणकोणी साठविला आहे हे त्याला दिसे. त्यांपैकी एखाद्याचे नाव उघडावे तर त्याच विषयावरचे शंभर दुवे हाती लागत. न भेटलेल्या, न बोललेल्या माणसाच्या वाचनातून असा मार्ग काढता येणे, ही विद्याव्यासंगाच्या इतिहासात खरोखर नवी गोष्ट होती. व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वाचकाने ग्रंथांतून पाडलेल्या वाटा दुसऱ्याच्या हाती देण्याचे जे स्वप्न पाहिले होते, ते सर्वसाधारण शिक्षकाला काही वर्षे तरी प्रत्यक्षात लाभले.

काही वर्षेच. डिलिशस याहूने २००५ साली विकत घेतले, आणि २०१० च्या डिसेंबरात कंपनीच्या अंतर्गत सभेतील एक पान बाहेर फुटून ते बंद होणार अशी वार्ता पसरली, तेव्हा हजारो लोकांनी आपल्या वाचनखुणा बांधून दुसरीकडे स्थलांतर केले. निंग या सेवेवर शिक्षकांनी आपापली मंडळे थाटली होती. २०१० मध्येच तिने मोफत मंडळे बंद केली. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी मिटले. शिक्षकांच्या विशेष आवडीचे विकीस्पेसेस २०१८ साली गेले. आज जुन्या आकृत्या पाहाव्यात तर निम्म्याहून अधिक चौकटींतील नावे तरुण शिक्षकाला ओळखूही येणार नाहीत. इंग्लंडमध्ये जेन हार्ट २००७ पासून दरवर्षी लोकांकडून कौल घेऊन शिकण्याच्या साधनांची क्रमवारी लावीत आल्या. तीतही २००९ ते २०१५ अशी सलग सात वर्षे पहिला क्रमांक ट्विटरचा होता, आणि ते नावही आता उरलेले नाही.

या पडझडीचा विचार करताना त्या काळच्या आकृत्यांतील एक मोठी उणीव जाणवते. त्यांत साधन आहे, साधनाचा धनी नाही. कोणती जागा कोणाच्या मालकीची, तेथे ठेवलेला मजकूर कोणाच्या मर्जीवर टिकणार, किराया कोण भरतो, हे एकाही रेषेने सांगितले नाही. आणि म्हणून आपल्या विद्येच्या केंद्रस्थानी आपण बसलो आहोत असे मानणाऱ्या शिक्षकाला परक्याच्या मुलखात आपण कूळ आहोत हे कळले ते जमीन गेल्यावर. शिवाय ही चित्रे काढणारे बहुतांश विद्यापीठांतील, इंग्रजी लिहिणारे, वेळ आणि यंत्र दोन्ही हाताशी असणारे लोक होते. प्राथमिक शाळेतील शिक्षिका त्यांत क्वचितच दिसते.

नकाशे काढण्याची ही चाल परिपक्व झाली ती इंग्लंडमध्ये, डेव्हिड व्हाइट आणि अ‍ॅलिसन ल कोर्न्यू यांच्या हाती. २००१ साली मार्क प्रेन्स्की यांनी संगणकयुगात जन्मलेले ते मूळ रहिवासी आणि आधी जन्मलेले ते स्थलांतरित अशी वयावर आधारलेली विभागणी केली होती, आणि ती सर्वत्र इतकी रुळली की, चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाने स्वतःला नव्या विद्येला नालायक समजावे, असा तिचा परिणाम झाला. व्हाइट आणि ल कोर्न्यू यांनी २०११ च्या निबंधात वयाचा निकष बाजूला सारला. त्यांच्या मते आंतरजालाकडे काही जण बागेतील हत्यारांच्या अस्ताव्यस्त खोलीकडे जावे तसे जातात, हवे ते अवजार घेतात, काम उरकतात आणि मागे काही न ठेवता निघून येतात; काही जण तेथे वस्ती करतात, त्यांच्या नावाची, बोलण्याची, वावरण्याची खूण तेथे राहते. एकाच माणसाने एका ठिकाणी पाहुणा आणि दुसऱ्या ठिकाणी रहिवासी असणे यात काही विसंगती नाही.

या विचारातून जो नकाशा निघाला तो कोऱ्या कागदावर कोणीही दोन रेषांत काढू शकतो. आडव्या रेषेच्या डाव्या टोकाला पाहुणा, उजव्या टोकाला रहिवासी. उभ्या रेषेच्या वर खाजगी आयुष्य, खाली संस्था. मग आपण वापरतो ते एकेक साधन ज्या कोपऱ्यात पडत असेल तेथे, जेवढी जागा व्यापीत असेल तेवढ्या चौकटीत मांडावयाचे. कार्यशाळांतून शिक्षक आणि प्राध्यापक एकत्र बसून असे कागद भरीत आणि मग शेजाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहत. एकाची फेसबुकची चौकट वर उजवीकडे, कुटुंबाच्या मुलखात. दुसऱ्याची तीच चौकट खाली, कारण त्याचे विद्यार्थी त्याला तेथे गाठतात. तिसरा तेथे केवळ वाचून परततो, म्हणून त्याची चौकट डावीकडे सरकलेली. साधन एकच आणि स्थाने तीन. जुन्या आकृत्यांनी शिक्षक कोणती साधने वापरतो हे सांगितले होते. या नकाशाने तो त्यांच्याशी कोणत्या नात्याने वागतो आणि नोकरी त्याच्या घरात कोठवर शिरली आहे, हे सांगितले. माझ्या मते साऱ्या परंपरेतील हा सर्वांत प्रामाणिक नकाशा आहे.

आपल्याकडे शिक्षकाच्या स्वयंशिक्षणाची गरज सरकारने फार पूर्वी ओळखली होती. १८६१ साली निघालेले, कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी संपादिलेले ‘मराठी शालापत्रक’ गावोगावच्या पंतोजींपर्यंत नवे ज्ञान पोहोचविण्याचे साधन होते, आणि आजच्या पिढीने ‘जीवन शिक्षण’ मासिक त्याच हेतूने वाचले. परंतु कूरोस यांच्या भाषेत सांगावयाचे तर हे बहुतांशी एकेरी बाण होते. पुण्याहून निघत आणि खेड्यात थांबत.

तो बाण दुहेरी झाला अगदी अलीकडे, आणि आपल्या वाटेने. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने पुष्कळ शिक्षकांना संगणकासमोर प्रथम बसविले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर तंत्रस्नेही शिक्षक ही ओळख जिल्हा परिषदेच्या शाळांत मानाची ठरली, आणि आडवाटेच्या गावांतील शिक्षकांनी स्वतःची ध्वनिचित्रे, स्वाध्याय, चाचण्या तयार करून एकमेकांना वाटल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ती पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, २०१७ मध्ये दीक्षा हे राष्ट्रीय व्यासपीठ उभे राहिले, आणि डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हा इतिहास अभिमानास्पद आहे. तरी त्याची चित्रे कोणी काढून ठेवलेली नाहीत.

ती काढली तर काय दिसेल, याचा थोडा अंदाज करता येतो. पाश्चात्त्य नकाशांत वीस चौकटी असतील, तेथे आपल्या गुरुजींच्या नकाशात एकच चौकट बाकीच्यांना झाकून टाकील, आणि ती व्हॉट्सॲपची. शाळांच्या केंद्राचा समूह, तालुक्याचा समूह, विषयमित्रांचा समूह, पालकांचा समूह, संघटनेचा समूह आणि घरच्यांचा समूह, सारे त्याच एका हातयंत्रात. सकाळी केंद्रप्रमुखांचा निरोप येतो की, यू-डायस या शालेय माहितीप्रणालीतील माहिती आजच भरावी. त्याच निरोपाखाली शेजारच्या गावच्या बाईंनी अपूर्णांक शिकविण्यासाठी केलेल्या कागदी पट्ट्यांचे छायाचित्र येते. त्याखाली शालार्थ या वेतनप्रणालीची सूचना, आणि त्याखाली कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. व्हाइट यांच्या उभ्या रेषेला या चौकटीत स्थानच उरत नाही, कारण खाजगी आणि संस्था यांच्यामधली सरहद्द तिच्या पोटातच पुसली गेली आहे. ती पट्ट्यांची कल्पना ज्या शिक्षकाला उद्याच्या तासाला हवी आहे, त्याला ती वर सरकवून शोधावी लागते, आणि पुष्कळदा ती सापडत नाही. आदेश आणि विद्या एकाच वाटेने येऊ लागल्यावर विद्या मागे पडते, कारण आदेशाला मुदत असते.

म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदांना उपस्थित राहणाऱ्या सर्व शिक्षक बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या परिषदेत एक तास राखून ठेवावा, प्रत्येकाने कोऱ्या कागदावर त्या दोन रेषा ओढाव्यात, आपण ज्या ज्या साधनाने काही शिकलो ते मांडावे, त्या साधनाचा धनी कोण हेही चौकटीत लिहावे, आणि कोपऱ्यात तारीख, शाळेचे गाव व इयत्ता घालून तो कागद आपल्या जिल्ह्याच्या डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, ग्रंथालयात जमा करावा.